दोन खोडांचा आंबा

सासरे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आंब्याचं कलम लागलं, आणि त्याच दिवशी मी या घरात पहिल्यांदा वाईट ठरले.

आमच्या आंजी गावात आता बरेच जण असं करतात. राख नदीत न सोडता अंगणात नाहीतर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा करून त्यात टाकायची आणि वर झाड लावायचं. वाहून जाण्यापेक्षा दारात उभं राहिलेलं बरं, असं सासऱ्यांनीच कधीतरी बोलून ठेवलं होतं. नवऱ्याने घाईघाईत वर्ध्याहून कलम आणलं. तब्येतीने बरं होतं, पण बुडापासून वीतभरावरच त्याची दोन खोडं झाली होती, अगदी एकमेकांना खेटून. मी संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. असं रोप माझ्या वडिलांनी गाडीतून खाली उतरवू दिलं नसतं. पण तो दिवस रोप परत करण्याचा नव्हता, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

ते कुलूप फार टिकलं नाही. नवरा मडक्यातली सगळी राख खड्ड्यात ओतायला लागला, तशी मी म्हणाले, "सगळी नका टाकू जी. राख जास्त झाली त मुळ्या जळते."

सगळे थांबले. सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, नाचणगावहून आल्या होत्या. त्यांना तो एकच भाऊ. त्यांनी डोळ्यांना लावलेला पदर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "माह्या भावाच्या राखेनं झाड जळते म्हनतं का तू?"

माझं खरं होतं. पण खरं बोलायलाही वेळ पाहावी लागते आणि ती मला आजवर साधलेली नाही. नवऱ्याने खाली मान घालून मडकं बाजूला ठेवलं आणि उरलेली अर्धी राख मग पुलगावच्या घाटावर गेली. आत्याबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

 सासूबाईंचं मन त्या दिवशी झाडाकडे नव्हतंच. सासरे गेले ते पायाच्या जखमेने. साखरेचा आजार जुना, अंगठ्याला काटा लागला आणि चिघळत गेला. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं की अंगठा काढून टाकू, नाहीतर हे वर चढेल. सासरे ऐकेनात. बायकोचा हात धरून म्हणाले, "माह्या अंगाले पातं लागू देऊ नको." सासूबाईंनी शब्द दिला आणि पाळला. आम्ही त्यांना घरी आणलं. त्या रोज कोमट पाण्याने पाय धुवायच्या, पट्टी बांधायच्या, आणि ते वर चढत गेलं. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही.

पहिल्या पावसाळ्यात कलम तरारलं. सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर पाटावर बसू लागल्या. दाराच्या बाजूचं खोड सरळ, उंच, जरा जाड. दुसरं पूर्वेकडे कललेलं, बारीक. एकदा मी अंगण झाडत असताना त्यांनी बोट दाखवून सांगितलं, "हे ते. अन् हे मी." सांगून झाल्यावर त्या लाजल्या. साठी उलटलेली बाई अशी लाजताना मी पहिल्यांदा पाहिली.

आता माझी अडचण पाहा. असं खेटून वाढलेलं दुखोडं झाड पुढे कधीतरी मधोमध चिरतं. कोवळं असतानाच दोनांतलं एक काढायचं असतं. आमच्या बगीच्यात हे काम मी झोपेतही केलं असतं. पण समोरची बाई म्हणत होती की एक ते आणि एक मी. मी तिला कोणतं काढू म्हणून विचारणार होते? मी झाडणं पुरं केलं आणि आत गेले.

चहावरून मात्र आमचं वाजलं. त्या घोटभर चहा झाडाच्या बुडाशी ओतायच्या, साखरेला मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांमागे वाळवी येईल या धास्तीने मी चिडायचे. "आई, त्याइले साखरेनंच नेलं, आता झाडालेबी साखर पाजता का?" असं मी बोलून गेले. त्या क्षणी जीभ चावली, पण त्या हसल्या. त्यानंतर चहा बिनसाखरेचा ओतू लागल्या. त्या हसल्याचं मला इतकं बरं वाटलं की मी पुढे काही म्हटलं नाही.

राखीच्या दिवशी आत्याबाई एसटीने आल्या. हात-पाय धुतले, ओवाळणीचं ताट घेतलं आणि थेट झाडाकडे गेल्या. कोणतं खोड दादाचं, ते सासूबाईंनी दाखवलं. ते तेव्हा अंगठ्याएवढं होतं. आत्याबाईंनी त्याला कुंकू लावलं, राखी बांधली आणि म्हणाल्या, "दादाचं मनगट बारीक झालं व." त्या हसत होत्या आणि रडत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या घरात राखी आपल्या हाताने तोडत नाहीत. ती विरून, झिजून आपोआप गळायची असते. सासऱ्यांच्या मनगटावर कापूस वेचणीपर्यंत मळलेला दोरा दिसायचा, मग कधी गळाला ते कळायचंही नाही. पण तो सुताचा दोरा होता. आता बाजारात मिळतात त्या राख्यांचा दोरा चकचकीत, नायलॉनचा. तो ना सडत, ना तुटत. ही गोष्ट त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या कुणाच्याच डोक्यात आली नाही.

पुढच्या वर्षी थंडी सरताना त्या एवढ्याशा झाडाला मोहोर आला. कलमाचं असंच असतं, पोरवयातच फुलायला बघतं. पहिली काही वर्षं मोहोर खुडून टाकायचा, म्हणजे ताकद लाकडात जाते. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेवढ्यात मी तो खुडला आणि उकिरड्यावर टाकला. त्या परत आल्या, त्यांनी उकिरड्यावर पाहिलं, आणि ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"हे तू केलं?"

मी समजावून सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "तुले त्याइचं काईच चालत नाई काव? तवा राख जास्त झाली, आता फूल जास्त झालं. यापुढं या झाडाले हात लावू नको. पातं त बिलकुल नाई."

मला इतका राग आला की दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. मी काय वैरीण होते का? ज्या घरात कपाशी आणि सोयाबीनपलीकडे कुणाला झाड कळत नाही, तिथे मी एकटी त्या आंब्याच्या भल्याचं बघत होते. नवऱ्याला सांगितलं, "आता तो आंबा तुमचा अन् तुमच्या आईचा. मले काई विचारू नका." तो म्हणाला, "बरं." त्याचं सगळ्याला बरंच असतं. माझा राग सहसा शिळा होत नाही. त्यानंतर मी झाडाला लांबूनच पाइपने पाणी मारायचे. जवळ गेले नाही. आत्याबाई राखीला येत राहिल्या, दर वर्षी जरा वरच्या अंगाला बांधत राहिल्या. चमकीचं फूल उन्हापावसात झडून जायचं, आणि दोरा तिथेच आहे की गळाला हे कुणी वाकून पाहिलं नाही.

यंदा माघात दाराकडचं खोड मोहोराने अक्षरशः झाकून गेलं. पान दिसेना. पूर्वेकडच्या खोडावर एक तुराही नव्हता. शेजारणी बघायला येऊ लागल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या, "पाह्य, कसे फुलून राह्यले."

मला मात्र तो मोहोर बरा दिसेना. आमच्याकडे संत्र्याचं झाड जायच्या आधीच्या वर्षी असंच लदबदून येतं. नवखा माणूस अशा वेळी वर बघून खूश होतो, माझे वडील खाली वाकून बुंधा बघायचे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तेव्हा मी एवढ्या काळाने झाडाजवळ गेले आणि वाकले.

गुडघ्याच्या उंचीवर खोडाला चर पडला होता. चराच्या वरची साल ओठासारखी फुगली होती आणि त्या ओठांत लाल दोरा रुतला होता, जागोजागी सालीने गिळलेला. एक सोनेरी मणी अर्धा लाकडात होता. खोड मनगटाएवढं झालं होतं आणि दोरा अंगठ्याच्याच मापाचा राहिला होता. पानांनी बनवलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते तिथेच तुंबलं होतं. तेवढा मोहोर त्यातूनच आला होता.

मी तिथेच मातीत बसले. 

सासूबाई उठल्यावर मी त्यांना हाताला धरून नेलं आणि दाखवलं. त्या मण्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील, नाहीतर माझ्यावर बोलतील. त्यांचा पहिला शब्द होता, "बाईले सांगू नको."

बाई म्हणजे आत्याबाई. या दोघींचं जन्मभर पटलं नव्हतं. लुगड्यावरून, मानपानावरून, लोणच्याच्या बरणीवरूनसुद्धा त्यांची धुसफूस चाललेली मी पाहिली आहे. पण सासूबाई म्हणाल्या, "तिले हा एकच भाऊ होता. तिच्या राखीनं त्याचा गळा आवयला, असं तिले समजलं त ती जगन का?"

मला पात्याची परवानगी मिळाली. त्या तोंड फिरवून बसल्या आणि मी दाढीच्या पात्याने दोरा उकरून काढला. तो सलग निघाला नाही, तुकड्यातुकड्यांनी निघाला. खालची साल तपकिरी पडली होती. शेण-माती लिंपली, गोणपाट गुंडाळलं आणि आम्ही वाट पाहू लागलो. त्या दिवसांत आमच्यात भांडण झालं नाही. सकाळी उठून दोघी आधी झाडाकडे बघायचो.

मोहोर गळाला. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, त्याही गळाल्या. चैत्र संपता संपता दाराकडच्या खोडाची पानं पिवळी पडली, शेंडा वाळला. मग चराजवळून डिंक येऊ लागला आणि एके सकाळी बुडाशी भुसा पडलेला दिसला. खोडकिडा शिरला होता. तो वरून खाली पोखरत जातो, आणि खाली दोन्ही खोडं एकाच बुडातून निघालेली.

"आई," मी म्हणाले, "आता नाई कापलं त दोन्ही जाईन."

 चार-सहा दिवस तसेच गेले. त्या जेवायला बसायच्या आणि ताट तसंच सरकवून उठायच्या. मी रोज भुसा झाडायचे, किड्याच्या भोकात तार घालून बघायचे, आणि मनातून चडफडायचे की एकेक दिवस वाया जातोय. पण मी पुन्हा म्हटलं नाही. एवढं मला यायला लागलं होतं.

मग एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"काप."

मी उठले. तशा त्या म्हणाल्या, "तवाबी डाक्टर असंच म्हनत होता. वर चढन म्हने. मी नाई कापू देल्लं." त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्याकडे न बघता विचारलं, "कापू देल्लं असतं त ते राह्यले असते काव?"

हा प्रश्न त्या किती दिवस एकट्या सांभाळत होत्या कोण जाणे. मी फटकळ बाई, मनात येईल ते बोलून मोकळी होते. पण याचं उत्तर मला खरोखर माहीत नव्हतं. "मले नाई माहीत, आई," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बहुतेक त्यांना तेवढंच ऐकायचं होतं, की कुणालाच माहीत नाही.

नवऱ्याला नेमकं त्याच वेळी वावरात काम निघालं. त्याच्यावर मी रागावले नाही. बापाला कापायचं म्हटल्यावर कोण थांबेल? पण कापताना वरचा भाग धरायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर तो आपल्या वजनाने कोसळतो आणि खालची साल सोलत नेतो. सासूबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी खोड धरलं.

मी आधी खालच्या अंगाने आरी लावली. लाकूड थरथरलं. सासूबाई खोडाला म्हणाल्या, "अजी, हलू नका जराशीक."

पट्टी बदलताना त्या सासऱ्यांना अगदी हेच आणि असंच म्हणायच्या. मी आरी थांबवली. मी सहजी रडणारी बाई नाही, पण तेव्हा मी रडले, नाक पुसत, बाहीला डोळे टिपत. त्या रडल्या नाहीत. "चालव," म्हणाल्या, "थांबली का जास्त दुखते."

खोड त्यांच्या हातात आलं. मी जखम तासून गुळगुळीत केली आणि मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावला. ते लाकूड चुलीत घालायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी नवरा आला, काही न विचारता ते गाडीला बांधलं आणि पुलगावच्या घाटावर नेऊन सोडलं.

पावसाळ्यात उरलेलं खोड झपाट्याने वाढलं. मी बांबूचा आधार देऊन ते हळूहळू सरळ करत आणलं. सासूबाई समोर बसायच्या, पण चहा ओतायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. आता झाडात त्या एकट्याच उभ्या होत्या, आणि स्वतःशी माणूस किती बोलणार.

राखी जवळ आली तशी घरात घालमेल सुरू झाली. नवरा म्हणाला, वाऱ्याने मोडलं म्हणून सांगू. मी म्हणाले, खरं सांगा आणि हात जोडा. म्हटल्यावर माझं मलाच पटलं नाही. वाऱ्याने असो की करवतीने, तुमचा दादा आता नाही, हे त्या बाईला राखीच्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगायचं? सासूबाई आमचं ऐकत बसल्या होत्या. त्यांच्या हातात कापूस होता. वाती वळतात तशा त्या मांडीवर काहीतरी वळत होत्या.

आत्याबाई आल्या. फाटक उघडलं आणि तिथेच थबकल्या. हातातली पिशवी छातीशी धरली.

"एकच राह्यलं?" त्यांनी विचारलं. "वयनी, दादा?"

नवरा जमिनीकडे बघत होता.  सासूबाई पुढे गेल्या आणि त्यांनी आत्याबाईंचा हात धरला.

"ते माह्यं होतं, बाई. कीड लागली, म्हनून सुनंले कापाले लावलं. तुमचा दादा हाय. हा पाहा ना."

"पन दादा त दाराकडचा होता."

"तुमी इसरल्या. दाराकडचं माह्यं. दारात मीच त बसत होती रोज."

आत्याबाईंनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे. त्यांच्या खांद्यातला ताण उतरलेला मला दिसला. त्या झाडाजवळ गेल्या, खोडावरून हात फिरवला. "हो," म्हणाल्या, "दादाच हाय. पाह्य, कसा सरळ झाला."

त्यांनी राखी काढली तेव्हा सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत पांढऱ्या सुताचा दोरा होता, हळदीत बुडवलेला. "याच्यात ववा तुमचं फूल. घरच्या कापसाचा हाय, त्याइच्या वावरातला."

आत्याबाईंनी चमकीचं फूल त्या दोऱ्यात ओवलं आणि बांधायला घेतलं. मला राहवलं नाही. "आत्याबाई, ढिली बांधा जी. झाड वाढते."

मी मनाची तयारी केली होती. पण त्यांनी या वेळी डोळे वटारले नाहीत. "वाढन ना," म्हणाल्या, "वाढूच दे माह्या दादाले." आणि दोन बोटं आत जातील एवढी जागा सोडून त्यांनी गाठ मारली.

संध्याकाळच्या एसटीने त्या गेल्या. मी न्हाणीजवळ भांडी घासत होते. सासूबाई झाडासमोर पाटावर बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी बुडाशी घोटभर चहा ओतला आणि रिकामा कप माझ्याकडे घेऊन आल्या.

"आता त्याच्यात मी नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "म्हनून सांगून ठेवते. मी गेली का मले नदीत नको नेजो. याच्याच बुडाशी टाकजो."

असं बोलू नका आई, असं सुनेने म्हणायचं असतं. ते माझ्या ओठांवर आलंच नाही. 

त्या जायला वळल्या आणि काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा थांबल्या.

"पन सगळी नको टाकू," त्या म्हणाल्या. "राख जास्त झाली त मुळ्या जळते."

मी हो म्हटलं आणि त्यांच्या हातातून कप घेतला.